एक गाडी, दोन खुराक

वाळूजहून आमच्या महाविद्यालयात येणारा एक विद्यार्थी परवा तक्रार घेऊन आला. "सर, वडिलांची जुनी मोटारसायकल पूर्वीइतकी पळत नाही. पेट्रोलमध्ये उसाचे अल्कोहोल घालतात म्हणून का?" मी त्याला फळ्याजवळ बोलावले. आपणही तोच हिशेब करून पाहू.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडील पंपांवर फेब्रुवारी २०२३ पासून येऊ लागले. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक लिटर इथेनॉल जाळले की सुमारे २१. म्हणजे मिश्रणाच्या लिटरमध्ये जवळजवळ ७ टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती. तेव्हा तक्रार खोटी नव्हती. पण घट याहून फार मोठी असेल, तर टायरमधली हवाही एकदा तपासावी!

आता पुढचा प्रश्न. गाडी जवळजवळ निव्वळ इथेनॉलवर चालवायची, आणि ते न मिळाले तर पुन्हा पेट्रोलवर, असे करता येईल का?

इंजिन नुसते इंधन खात नाही, ते हवाही खाते. इथेनॉलचा एक रेणू जळायला प्राणवायूचे तीन रेणू लागतात. वजनात मांडले तर ४६ ग्रॅम इथेनॉलला ९६ ग्रॅम प्राणवायू. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, म्हणून हवा लागेल सुमारे ४१४ ग्रॅम. एका ग्रॅमला नऊ ग्रॅम. पेट्रोलच्या एका ग्रॅमला मात्र १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःची प्राणवायूची शिदोरी असते, त्याचा हा परिणाम.

सिलिंडर एका श्वासात घेतो तेवढीच हवा घेणार. तेव्हा तेवढ्याच हवेला इथेनॉल पेट्रोलच्या सुमारे दीडपट लिटर द्यावे लागते. गंमत अशी की, एक किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्ही इंधनांत जवळजवळ सारखीच, तीन मेगाज्यूलच्या आसपास. म्हणून गाडीचा जोर कमी होत नाही. टाकी मात्र लवकर रिकामी होते.

इथेनॉलसाठी जुळवलेल्या गाडीत तसेच पेट्रोल भरले तर? दीडपट इंधन आत जाते, पुरते जळत नाही, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते. दुसरी भानगड अधिक वाईट. इथेनॉल दाबाने सहजासहजी आपोआप पेटत नाही, आणि त्याचे बाष्प होताना ते आतली हवाही चांगलीच थंड करते. या भरवशावर मेकॅनिक ठिणगी थोडी आधी पाडतो. पेट्रोल तेवढे सोशिक नाही. ते अवेळी भडकते, इंजिन ठकठक वाजते आणि दट्ट्याला इजा होते. उलट, पेट्रोलच्या गाडीत इथेनॉल भरले तर लागते त्याच्या दोनतृतीयांशच इंधन मिळते. गाडी अडखळते, धक्के खाते.

बरे, टाकीत नेमके काय आहे हे तरी कुठे ठाऊक असते? वीस टक्क्यांचे १० लिटर उरले आहे आणि तुम्ही ८५ टक्क्यांचे ३० लिटर ओतले. झाले सुमारे ६९ टक्के. एका इंधनासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरी अशी दोन कायमची जुळवण असून येथे भागत नाही.

यावर भौतिकशास्त्राने काढलेली तोड मला फार आवडते. इंधनाच्या नळीत धारित्राच्या दोन पट्ट्या बसवायच्या आणि इंधन त्यांच्यामधून वाहू द्यायचे. पेट्रोलचा पराविद्युत् स्थिरांक सुमारे २, इथेनॉलचा सुमारे २४. धारिता मोजली की मिश्रणाचे प्रमाण कळते, आणि गाडीतला छोटा संगणक इंधन व ठिणगी दोन्ही त्याप्रमाणे बदलतो. पाण्याचा स्थिरांक सुमारे ८० असल्यामुळे इंधनात पाणी शिरले तर हे यंत्र फसते, तेही ध्यानात ठेवा.

ब्राझीलने २००३ मध्ये अशी दोन्ही इंधनांची गाडी बाजारात आणली, तीही वेगळ्या पट्ट्या न बसवता. धुरातला प्राणवायू मोजून संगणक अंदाज बांधत असे. तिची गरज त्यांना अनुभवाने कळली होती. १९७९ पासून तेथे निव्वळ अल्कोहोलवरच्या गाड्या खपत होत्या. १९८९ च्या सुमारास अल्कोहोलचा तुटवडा पडला आणि मालक पंपांवर रांगा लावून बसले.

आपल्याकडे ५ जून २०२१ रोजी पुण्यात तीन पंपांवर निव्वळ इथेनॉल देण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाने दिल्लीत दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या इनोव्हाचा नमुना दाखवला. याच कंपनीने आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ कारखाना काढण्याचा करार जुलै २०२४ मध्ये केला. ऊस मात्र पाणी मागतो, आणि २०१६ मध्ये लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते, हे मराठवाड्यातल्या मुलांना मी सांगायला नको.

शेवटी एक कोडे. सुमारे १३ अंशांखाली इथेनॉलची वाफ इतकी थोडी होते की ठिणगीने ती पेटत नाही. जानेवारीतल्या पहाटे आपल्या शहरात पारा १० च्या आसपास असतो. मग ८५ टक्क्यांच्या इंधनात १५ टक्के पेट्रोल कशासाठी ठेवत असतील?