पानावरची दाद

आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी बैठक असे. वडील पोरवयात, म्हणजे १९४९ साली बडोदे संस्थान विलीन होण्याच्या आधीची शेवटची काही वर्षे, दरबारच्या कलावंत कारखान्यात होते. पुढे दरबार गेला, शिकवण्या राहिल्या आणि त्या शिकवण्यांवरच आमचे घर चालले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. बैठकीला दहाबारा शिष्य आणि दोनचार जाणकार जमत. एखादा निषाद मनासारखा लागला की सगळी खोली 'वाहवा' म्हणून उठे. मग पाने मांडली जात. आईने केलेली चिंचगुळाची आमटी, भात, एखादी पालेभाजी, आणि सणवार असला तर पुरणपोळी. गंमत अशी की, घटकेपूर्वी एका सुरावर जीव ओवाळून टाकणारी ही मंडळी पानावर बसली की मुकाट जेवत. वडील दोनच प्रसंगी बोलत : मीठ कमी पडले तर आणि जास्त झाले तर. आईलाही त्यात काही वावगे वाटत नसे. "पान स्वच्छ झालं की समजायचं," एवढेच ती म्हणे.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे दूरचित्रवाणीवर चालणाऱ्या हौशी स्वयंपाक्यांच्या स्पर्धा. गेली काही वर्षे आई आणि मी त्या एकत्र बसून पाहतो. तिला इंग्रजी येत नाही, तेव्हा दुभाष्याचे काम माझ्याकडे आले आहे. परीक्षक घास तोंडात घालतो, डोळे मिटतो आणि बोलू लागतो. आई विचारते, "काय म्हणतोय तो?" मी सांगतो, "आंबटपणा नेमका साधलाय म्हणतो. मागून तिखट हळूच येतं म्हणतो." आई काही वेळ गप्प राहते. एकदा म्हणाली, "जेवताना एवढं बोलतात होय रे?"

या स्पर्धांचा मूळपुरुष म्हणजे 'मास्टरशेफ'. फ्रँक रॉडम या इंग्रज चित्रपट दिग्दर्शकाच्या कल्पनेतून तो जन्मला आणि १९९० साली बी.बी.सी.वर सुरू झाला. लॉइड ग्रॉसमन सूत्रधार होते. तांबडा, पिवळा, निळा अशा तीन रंगांच्या ओट्यांवर तिघे हौशी स्वयंपाकी रांधत आणि शेवटी पाहुणे परीक्षक चव घेत. सारा मामला तसा मवाळ, घरंदाज होता. २००५ साली तो नव्या रूपात पुन्हा आला आणि २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने जे रूप घेतले, त्याने जगाला वेड लावले. रोज संध्याकाळी, आठवड्यातून अनेक दिवस, एकाच घोळक्यातील माणसे पुन्हा पुन्हा भेटू लागली. कीर्तनाच्या सप्ताहाला जावे तसे लोक दूरचित्रवाणीपुढे बसू लागले. २०१० साली तर कमाल झाली. २५ जुलैला अंतिम फेरी होती आणि त्याच रात्री देशातील दोन प्रमुख पक्षांच्या नेत्यांचा निवडणूकपूर्व जाहीर वादसंवाद ठरला होता. अखेर राजकारण तासभर अलीकडे सरकले आणि स्वयंपाक आपल्या वेळेवर झाला!

स्पर्धेचा मुख्य नियम असा की, स्वयंपाक करून पोट भरणाऱ्यांना तेथे प्रवेश नाही. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी चित्रकार, कोणी मुलाबाळांची आई. एका झाकलेल्या पेटीत न सांगता काही जिन्नस ठेवतात आणि झाकण उचलल्यावर तेवढ्यातूनच पदार्थ करायचा असतो. कधी एखाद्या नामांकित आचाऱ्याचा अवघड पदार्थ कृती पुढ्यात ठेवून हुबेहूब उतरवायचा असतो. वर घड्याळ चालू असते. ज्याचे बिघडले तो त्या दिवशी घरी जातो.

मी गाण्याचा शिक्षक. परीक्षकाच्या खुर्चीतही अनेकदा बसलो आहे. त्यामुळे या सगळ्यात मला दोन गोष्टी प्रथम दिसल्या. पहिली ऐकू आली म्हणा ना! निकाल सांगण्यापूर्वी पार्श्वसंगीत चढत जाते आणि ऐन वेळी थांबते. गवई समेच्या तोंडाशी येऊन क्षणभर श्रोत्यांचा जीव टांगणीला लावतो, तीच ही युक्ती. फरक एवढाच की, येथे सम येण्याऐवजी साबणाची जाहिरात येते.

दुसरी गोष्ट जास्त विचार करण्याजोगी आहे. नभोवाणीवर गाणे ऐकताना गवई दिसत नाही, पण गाणे पुरते पोचते. येथे स्वयंपाकी दिसतो, कढई दिसते, वाफ दिसते आणि मुख्य वस्तू, चव, तेवढी पोचत नाही. लाखो प्रेक्षकांपैकी एकाच्याही जिभेला काही लागत नाही. मग ते जेवतात काय? ते परीक्षकाचे शब्द जेवतात. म्हणून परीक्षकाला बोलावेच लागते. मॅट प्रेस्टन हे पहिल्या अकरा वर्षांतील परीक्षक तर पेशाने खाद्यसमीक्षकच होते. कुरकुरीत, ओलसर, खरपूस, तुरट, उग्र अशा शब्दांनी घासाची फोड करून सांगायची, हे त्यांचे काम. ज्या गोष्टीवर घरोघर कोणी अवाक्षर काढत नाही, तिच्यावर यंत्राच्या गरजेपोटी का होईना, माणसे बोलू लागली. मला वाटते, या स्पर्धांचे खरे देणे हेच आहे.

पहिल्या वर्षीची विजेती ज्युली गुडविन ही न्यू साउथ वेल्समधील तीन मुलांची आई. तिच्यासमोर पो लिंग यो ही मलेशियात जन्मलेली चित्रकर्ती होती. पो कल्पक, धाडसी, ज्युली घरगुती. जिंकली ज्युली. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. पण रोजच्या जेवणातली बाईही जगापुढे उभी राहू शकते, हे त्या एका निकालाने अनेकींना सांगितले. आपल्याकडे २०१० साली पहिले भारतीय पर्व झाले, तेव्हा लखनौच्या पंकज भदौरिया शाळेतील नोकरी सोडून स्पर्धेत उतरल्या आणि जिंकल्या. २०२३ च्या पर्वात अखेरच्या तिघांत मुंबईच्या सुवर्णा बागुल होत्या. आपल्या भाषेतले नाव तेथवर गेलेले पाहून आईला कोण आनंद झाला!

पण सर्वांत लक्षात राहिली ती २०२१ ची ऑस्ट्रेलियातील अंतिम फेरी. मेलबर्नमध्ये वाढलेली, बंगाली आईबापांची मुलगी किश्वर चौधरी. तिने अंतिम फेरीत काय करावे? पांता भात! बंगालमध्ये रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात आणि सकाळी मीठ, मिरची, कांदा लावून खातात, तोच. शेतकऱ्याची न्याहारी. बरोबर बटाट्याचे भर्ते आणि मासा. स्पर्धेच्या घड्याळात रात्रभर मुरवणे कसे बसणार? तिने भाताच्या पाण्याला धुरी दिली होती. तिन्ही परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले. ती जिंकली नाही, तिसरी आली. पण दोन्ही बंगालांत त्या वाडग्याची जेवढी चर्चा झाली, तेवढी विजेत्याच्या पदार्थाचीही झाली नसेल.

आई पुढे सरकून पाहत होती. म्हणाली, "अरे, हा तर शिळा भात! आम्ही ताक आणि कांदा घालून खायचो. पाहुण्यांपुढे कधी ठेवला नाही हो, लाज वाटायची." मग जरा थांबून म्हणाली, "काय म्हणतायत ते त्याला?"

मी सांगू लागलो आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटेना. चव जिभेवर कशी रेंगाळते, धूर कसा मागाहून जाणवतो, हे मी आईला तिच्याच लहानपणच्या भाताविषयी सांगत होतो. तिच्या हातचे तितकी वर्षे जेवलो. पण असे एक वाक्य तिच्या कोणत्याही पदार्थाबद्दल माझ्या तोंडून आले नव्हते.

या स्पर्धांचे दोषही उघड आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. त्यांना रोज नवे हवे असते. घरच्या स्वयंपाकाचे व्रत उलटे आहे. आमटी काल होती तशी आज झाली पाहिजे आणि उद्याही, चिंच जुनी असो की नवी, लाकडे ओली असोत की सुकी. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे रोज पहाटे एकच षड्ज लावला. त्याला कोणी तोचतोचपणा म्हटले नाही, रियाज म्हटले. आईच्या आमटीला मात्र 'नेहमीचीच' म्हटले. परीक्षक एक घास घेऊन निकाल देतो. घरचे जेवण हजार घासांनी कळते. शिवाय स्पर्धेत उतरायचे म्हणजे घर सोडून महिनोन् महिने परक्या शहरात राहायचे. ज्यांच्यासाठी रांधायला शिकलो, त्यांच्यापासून दूर जाऊन ते रांधणे सिद्ध करायचे! आणि जिंकल्यावर हौस बहुधा व्यवसाय होते. २०१८ चे विजेते शशी चेलिया तुरुंग अधिकारी होते; पुढे त्यांनी ॲडलेडमध्ये स्वतःचे उपाहारगृह काढले. त्यात वाईट काही नाही. हौशी गवयाला मैफली मिळाल्या तर त्याने का घेऊ नयेत? पण मैफलीत न गाणाऱ्याचे गाणे त्यामुळे कमी ठरू नये, एवढेच.

दरबारात कलावंतांसाठी स्वतंत्र खाते होते, त्यांची श्रेणी ठरे, तनखा ठरे. कोठीतल्या आचाऱ्यांनाही पगार असे. मोजदाद नव्हती ती घराघरांतल्या चुलीपुढच्या बाईची. दूरचित्रवाणीने त्यांतल्या मोजक्या काहींना दिव्यात आणले. बाकीच्यांसाठी परीक्षक घरातच बसलेले आहेत. आपणच ते. फक्त आपण बोलत नाही.

त्या रात्री हे सारे मनात घोळत असतानाच जेवायला बसलो. आईला आता फार वेळ उभे राहवत नाही, पण आमटी अजून तीच करते. मी पहिला भुरका मारला आणि ठरवून, जरा घसा साफ करून म्हणालो, "आई, आज आमटी फार छान झालीय. चिंच आणि गूळ अगदी बरोबर जुळलेत. मेथ्यांची चव शेवटी येते."

आईने वाढता वाढता हात थांबवला. माझ्या तोंडाकडे पाहिले. मग काळजीच्या सुरात विचारले, "का रे? मीठ कमी पडलं का?"