टाका नाही म्हणजे ऑपरेशन किरकोळ नव्हे

पडद्याचं ऑपरेशन ठरलं की घरातलं कुणीतरी हळूच विचारतंच, "डोळा बाहेर काढून ठेवतात का हो?" नाही. डोळा खोबणीतच असतो. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं पाडतात. ही जागा नेमकी यासाठी, की भिंग तिच्या पुढे राहतं आणि पडदा तिच्या मागे सुरू होतो. एका छिद्रातून पाणी आत सोडतात, दुसऱ्यातून दिवा जातो, तिसऱ्यातून कटर. डोळ्यातला जेलीसारखा व्हिट्रियस हे कटर मिनिटाला हजारो वेळा कापत शोषून घेतं. ती जेली पुन्हा तयार होत नाही. तिची जागा डोळ्यातलंच पाणी घेतं आणि त्यावाचून काही अडत नाही.

रॉबर्ट माखेमर यांनी 1970 मध्ये मायामीत या मार्गानं व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे ही जेली काढण्याचं ऑपरेशन केलं, तेव्हा 2.3 मिलिमीटरची चीर लागायची. आजची हत्यारं अर्ध्या मिलिमीटरची, त्याहूनही बारीक आहेत. त्यामुळे बहुतेकदा टाका लागत नाही. घोटाळा इथेच होतो. टाका नाही, म्हणजे किरकोळ काम, असं लोक धरून चालतात. बारीक झालं ते दार. आत पडद्यावरून सोलायचा पापुद्रा अजूनही काही मायक्रॉनचाच आहे.

"मग लेसरनं भागवा की!" पडद्याला नुसतं भोक असेल तर भागतं, लेसरनं भोकाभोवतीची कड चिकटवतात. पण खाली पाणी शिरून पडदा सुटला असेल तर लेसर तिथे धरत नाही. म्हणून अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूनं सावली सरकू लागली, तर सणवार आटोपण्याची वाट पाहू नये. मधला भाग, म्हणजे मॅक्युला, सुटायच्या आत पोहोचलं तर नजर वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते.

ऑपरेशनच्या शेवटी पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात वायू भरला असेल तर निम्मं काम पेशंटचं. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून भोक जिथे आहे त्याप्रमाणे मान ठेवायची. कधी दिवसचे दिवस पालथं. कंटाळवाणं आहे खरं. वायू प्रकारानुसार दोन आठवडे ते दोन महिने टिकतो. तोवर विमान बंद, आणि मुंबईहून महाबळेश्वरही डॉक्टरांना विचारूनच, कारण उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. या काळात दुसरं कसलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्याला हे आधी सांगायचं. नायट्रस ऑक्साइडनंही बुडबुडा फुगतो. वायूऐवजी सिलिकॉन तेल घातलं असेल तर ही भीती नाही, पण ते सहसा दुसरं ऑपरेशन करून काढावं लागतं.

आठवडाभर धूसर दिसलं की ऑपरेशन फसलं, असंही नाही. बुडबुडा लहान होतो तसं आधी वरचं स्वच्छ दिसू लागतं आणि खाली हलती रेघ राहते. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून वर तरंगणारा बुडबुडा पेशंटला खाली दिसतो. आणि पन्नाशीनंतर वर्ष-दोन वर्षांत मोतीबिंदू वाढला तर डॉक्टरांच्या नावानं खडे फोडू नयेत. व्हिट्रेक्टॉमीनंतर तो बहुधा येतोच.