फोर-लो, पहिला गिअर

पुण्यात फोर-बाय-फोर गाड्यांना तोटा नाही. संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर एक चक्कर मारली तरी थार, जिम्नी, गुरखा असा सगळा गोतावळा दिसतो. त्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला सर्वांत अवघड चढ म्हणजे मॉलच्या तळघरातून वर येणारा रॅम्प. गिअरच्या दांड्याशेजारी जी दुसरी आखूड दांडी असते, तिला एकदाही हात न लागता गाडी पुढच्या मालकाला विकली जाते.

माझी जिम्नी आहे, मॅन्युअल. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. ज्या यंत्रासाठी पैसे मोजलेत ते वापरता येत नाही, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. म्हणून पन्नाशीत मुळशीच्या बाजूला एका बंद पडलेल्या, खासगी मालकीच्या मुरमाच्या खाणीत रविवारी सकाळी शिकायला जाऊ लागले. तिथे माझ्याखेरीज सगळी तिशीच्या आतली पोरं. शिकवणारे मामा वेल्ह्याकडचे. तरुणपणी त्यांनी वडाप, म्हणजे गावोगावची माणसं नेणारी खासगी जीप, चालवलं. आधी महिंद्राची कमांडर, नंतर ट्रॅक्स. आत बसायला जागा उरली नाही की मागच्या पायरीवर लटकलेली माणसं, टपावर बाजाराच्या पिशव्या, आणि खाली पावसाने धुपून गेलेला घाटरस्ता. ऑफ-रोडिंग हा शब्द त्यांनी पन्नाशीनंतर ऐकला. मी शाळा-कॉलेजातली म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात. माझ्या तर मनात येतं, या विद्येचे महाराष्ट्रातले खरे पदवीधर म्हणजे हे वडापवाले आणि उसाच्या फडातून ट्रॉली ओढून काढणारे ट्रॅक्टरवाले. आपण शहरातले लोक त्यांच्याकडे उशिरा शिकायला निघालोय, एवढंच.

तसं पाहिलं तर या गाड्यांचं माहेर आपल्याच आसपास आहे. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. आजची थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते. गुरखा बनवणारी फोर्स मोटर्स म्हणजे 1958 साली सुरू झालेली आपली बजाज टेम्पो, मुख्यालय आकुर्डीला. जीप कंपास रांजणगावला बनते. लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी व्हीआरडीई ही संस्था अहिल्यानगरला आहे. रीतसर शिकण्याची सोय म्हणून महिंद्रांनी इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी काढली. सह्याद्रीचा उतार, मुरूम, चिखल हे सगळं तिथे आयतंच आहे.

पहिल्या दिवशी मामांनी आधी आम्हाला गाडीत बसूच दिलं नाही. “पायी हिंडून या,” म्हणाले. हातात काठी, आणि ज्या वाटेने गाडी न्यायची ती वाट चालत पाहायची. कुठला दगड घट्ट रुतलाय, कुठला पायाने हलतोय. चरीची खोली काठीने किती. उतार संपतो तिथे पुढे काय. शहरात आपण काचेतून समोर बघत गाडी हाकतो. इथे गाडीचं पोट कुठे टेकेल याचा हिशेब आधी डोक्यात करावा लागतो. साध्या हॅचबॅकचं पोट जमिनीपासून साधारण 165 ते 170 मिलिमीटर वर असतं, थारचं 226. पण नुसत्या उंचीवर जाऊ नका. पुढचा बंपर जमिनीला न घासता गाडी किती उभ्या चढाला भिडू शकते, तो कोन जास्त महत्त्वाचा. थारमध्ये तो 41.8 अंश आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये उंचवटा आला तर पोट टेकेल का, हा दुसरा कोन. आणि उतरून झाल्यावर मागचा बंपर आपटेल का, हा तिसरा. लांबलचक एसयूव्ही दुसऱ्या कोनातच मार खातात. आखूड जिम्नी तिथून अलगद निघते, तेव्हा छोट्या डिकीबद्दल घरच्यांनी ऐकवलेली बोलणी विसरायला होतात.

मोठा दगड आला की शहरी हात आपोआप त्याला दोन चाकांच्या मधून काढू बघतो. मामा ओरडतात, “बाई, चाक वर घाला त्याच्या!” कारण मागच्या अॅक्सलच्या मध्यावर डिफरन्शियलचा गोळा लोंबत असतो, आणि दगड नेमका त्यालाच भिडतो. चाक दगडावर चढवलं की अॅक्सल आणि पोट दोन्ही वर उचलली जातात. टायरला मार सोसायची सवय आहे, त्या गोळ्याला नाही. दगडावर चाक चढताना स्टिअरिंग असं काही हिसका देतं, की आत अडकवलेला अंगठा मोडू शकतो. म्हणून दोन्ही अंगठे चक्राच्या बाहेर, कडेवर. एवढी सवय लागायलाही वेळ लागतो.

आता त्या आखूड दांडीकडे येऊ. ती टू-एच, फोर-एच आणि फोर-एल अशी फिरते. टू-एचमध्ये दोनच चाकं इंजिनाला जोडलेली, फोर-एचमध्ये चारही. फोर-एल म्हणजे फोर-लो. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये आणखी एक गिअरची जोडी येते आणि चाकांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली जातो, बदल्यात चाकांना मिळणारा पीळ तेवढ्याच पटीने वाढतो. वर्गात मी टॉर्क किती वेळा फळ्यावर काढला असेल, पण फोर-लोमध्ये पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण सोडून, दोन्ही पाय पॅडलवरून काढल्यावर गाडी आपली आपण दगडांवरून चालत वर गेली, तेव्हा तो प्रथमच कंबरेला जाणवला. शहरात आपला डावा पाय क्लचवर जवळजवळ मुक्कामालाच असतो. इथे तो बाजूला ठेवायचा. उतारावर तर क्लच दाबणं म्हणजे इंजिनाने धरून ठेवलेली गाडी मोकळी सोडून देणं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच ब्रेकचं काम करतं, तेही चारही चाकांवर सारखं. आपण ब्रेक करकचून दाबला तर चाकं फिरायची थांबून घसरू शकतात, आणि घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंगचं काही ऐकू येत नाही.

एक सूचना इथेच देते, कारण हौशी लोक नेमकं उलटं करतात. अशा गाड्यांमध्ये फोर-एच काय नि फोर-एल काय, कोरड्या डांबरावर लावायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मऊ जमिनीवर चाकं जराशी घसरून हा फरक भागवतात, डांबर तशी सवलत देत नाही. मग सगळा ताण यंत्रणेत साठतो.

फोर-बाय-फोर म्हणजे चारही चाकांना ताकद, असं जाहिरातीतून वाटतं. एकाआड एक खड्डे खणलेल्या पट्ट्यात गाडी घातली की खरं काय ते कळतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत लोंबतं, ती दोन्ही गरगर फिरतात, आणि जमिनीवरची दोन चाकं ढिम्म. हा साध्या डिफरन्शियलचा गुण. दोन भावांत काम सारखं वाटायचं, पण धाकटा करेल तेवढंच थोरल्यालाही द्यायचं असा घरचा दंडक असावा, तसं ते चालतं. हवेतल्या चाकाला फिरायला बळ लागत नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही तेवढंच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतं. यावर दोन तोडगे आहेत. गुरखात पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतात. मग दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. माझ्या गाडीत सुटलेल्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, त्याला फिरायला जड जातं, आणि ताकद पलीकडे जाते. गंमत अशी, की त्यासाठी चाक आधी थोडं फिरावं लागतं. नवखा माणूस चाक फिरताना पाहून घाबरतो आणि अॅक्सिलरेटर सोडतो. तो हलक्या पायाने तसाच धरून ठेवायचा. खालून कर्रकर्र आवाज येतो, गाडी क्षणभर विचार करते आणि निघते.

अशा जागी ड्रायव्हरने जमीन बघायचीच नाही, बघायचे समोर उभ्या असलेल्या माणसाचे हात. मामा आठ-दहा पावलांवर उलटे चालतात; तर्जनी डावीकडे, तर्जनी उजवीकडे, मूठ म्हणजे जागच्या जागी थांब. इशारा एकानेच करायचा. आपल्याकडे गाडी जरा अडकली की पाचजण धावून येतात आणि पाचही जण “येऊ दे, येऊ दे” करतात. मामा त्यांना आधी चहाला पाठवतात.

चढ जमला नाही तर काय, हे चढ चढण्याच्या आधी शिकवतात, आणि ते योग्यच आहे. चढावर काचेतून फक्त बॉनेट आणि आभाळ दिसतं. अर्ध्यावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक धरायचा, रिव्हर्स टाकायचा, इंजिन चालू करायचं आणि आलो त्याच रेषेत सरळ मागे उतरायचं. वळवून घेऊ असं मनाला वाटतं. नेमकं तेच करायचं नाही. गाडी उताराला आडवी झाली की ती उलटायला फारसं निमित्त लागत नाही.

पाण्याचा धडा पुणेकरांनी ऑफ-रोडिंग न करताही घ्यावा, असं मला वाटतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने गाड्या कशा वाहून नेल्या ते आपण पाहिलं, आणि जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतही पाणी शिरलं. थारला 650 मिलिमीटर पाण्यातून जाता येतं, असं कंपनी सांगते. तो आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. वेगाने वाहणारं फूटभर पाणी लहान गाडीला तरंगवू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना ओढून नेतं. साचलेल्या पाण्यातही आधी चालत जाऊन काठीने तळ बघायचा. मग फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, सावकाश आणि एकसारखा वेग. मध्ये गिअर बदलायचा नाही. बॉनेटपुढे एक छोटी लाट तयार होते, तिच्या मागे राहिलं की इंजिनाच्या खोलीत पाणी कमी राहतं. तरीही इंजिन पाण्यात बंद पडलंच तर पुन्हा किल्ली फिरवायची नाही. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खर्च लाखाच्या भाषेत सुरू होतो.

जमिनीची जात ओळखणं हे पुण्यात राहून शिकण्यासारखं आहे, कारण अर्ध्या दिवसाच्या अंतरात सगळ्या जाती सापडतात. पश्चिमेला मुरूम आणि बेसाल्टचा कातळ, त्यावर पाऊस पडला तरी पकड बरी मिळते, शेवाळ तेवढं सांभाळायचं. पूर्वेला सासवडच्या पुढे, बारामती-इंदापूरकडे काळी माती. ती कोरडी असताना भेगाळलेली, आणि एक सर पडली की फुगून टायरच्या खाचा अशा भरून टाकते की नवा टायर गुळगुळीत होतो. मग वाळू. दापोली, हरिहरेश्वर, अलिबाग इथे दर सुट्टीत पुण्या-मुंबईच्या गाड्या रुततात, मालक भरतीकडे बघत उभे राहतात आणि गावातला ट्रॅक्टर येतो. वाळूत टायरमधली हवा कमी करायची असते. 32 पीएसआयवरून 18-20 पर्यंत आणली की टायर पसरतो आणि त्याचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो. डांबरावर परतताना छोट्या कॉम्प्रेसरने ती पुन्हा भरायची. मात्र हे ज्ञान किनाऱ्यावर आजमावायचं नाही. यातल्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात.

हीच गोष्ट पठारांची. पावसाळ्यातल्या सड्यावर आपल्याला नुसतं हिरवं मोकळं मैदान दिसतं. त्या दोन-चार इंच मातीत वर्षातून एकदा फुलणाऱ्या वनस्पती असतात आणि टायरची एक रेघ वर्षानुवर्षं राहते. पूर्वेकडची गवताळ माळरानं ही लांडग्या-चिंकाऱ्यांची घरं, त्यातली बरीचशी वनखात्याची. शेताचा बांध तोडून गेलेल्या गाडीबद्दल तर गावकरी जे बोलतात ते छापता येणार नाही. मालकाची परवानगी असलेली जागा नसेल तर घरी बसावं, या मतावर मी ठाम आहे. गाडीवर चढवलेल्या सामानाबद्दलही तसंच. पुढे लोखंडी बुलबार लावायला 2017 पासून मनाई आहे, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करायला कायदा परवानगी देत नाही. शिकण्यासाठी यातलं काही लागतही नाही.

लागतो तो एक चांगला रिकव्हरी पट्टा, दोन शॅकल, फावडं आणि सोबत दुसरी गाडी. पट्टा लावायचा तो चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला किंवा बंपरला लावला तर ओढताना तो तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो. जगभरात यात माणसं गेली आहेत. पट्ट्यावर मध्यभागी जाड घोंगडी टाकायची, म्हणजे तुटलाच तर खाली पडेल. बघ्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब राहायचं. मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांना हे सांगण्यात मामांची निम्मी सकाळ जाते.

कोणाला शिकायचं असेल तर माझं मत असं, की पहिल्यांदा जानेवारी-फेब्रुवारीत जा. सगळ्यांना पावसातला चिखल हवा असतो, फोटो त्याचेच चांगले येतात. पण चिखलात चूक तुमची की जमिनीची हे कळत नाही. कोरड्या मुरमावर चाक घसरलं तर कारण लगेच सापडतं. निघण्याआधी गाडीतलं सगळं सुटं सामान घरी काढून ठेवा, पाण्याच्या बाटलीसकट. उतारावर ती घरंगळत ब्रेकच्या पॅडलखाली जाते. आणि स्वतःच्या गाडीने जा. शिकवणारे कधीकधी त्यांची गाडी देतात, पण तुमच्या गाडीचं पोट कुठे आहे हे तुमच्याच कंबरेला कळायला हवं.