सैनिकी पदके व बिल्ले यांचा कालनिर्णय : घडणीच्या खुणांचा विचार

दि. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात नोंदले गेले. त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई आणि १५ डिसेंबरला गाविलगडचा पाडाव या घटना याच परिसरात घडल्या. 'आरगाम' व 'गाविलघर' अशी इंग्रजी अक्षरे असलेल्या पट्ट्यांचे रौप्यपदक पाहणाऱ्यास ते १८०३ चेच वाटते. वास्तविक 'आर्मी ऑफ इंडिया' या पदकास मंजुरी मिळाली ती १८५१ मध्ये, आणि ते तोवर हयात असलेल्या सैनिकांनाच देण्यात आले. मागील बाजूवरील १७९९-१८२६ हा मोहिमांचा काळ आहे, घडणीचा नव्हे. पुढील बाजूवर व्हिक्टोरिया राणीचे मुख आहे. तिचा जन्मच १८१९ चा! या दोन सनांमधील आडवी रेघ आखूड की लांब, यावरूनही संग्राहक ठशांचे प्रकार वेगळे करतात. युरोपीय सैनिकांची नावे कडेवर ठशाने उमटविलेली, तर हिंदी सैनिकांची वळणदार अक्षरात कोरलेली आढळतात.

वस्तूवर दर्शविलेला काळ आणि वस्तूच्या घडणीचा काळ यांतील हा फरक टोपीवरील बिल्ल्यांच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण त्यांवर सन क्वचितच असतो.

नावात होत गेलेले बदल येथे प्रथम साह्यास येतात. १०३ हा क्रमांक असलेली मराठा लाइट इन्फंट्रीची खूण १९०३ ते १९२२ या काळातील असते. ५ हा क्रमांक १९२२ ते १९४५ चा. महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे झाली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन त्यावर आल्या. तिचे केंद्र त्या वेळी कामठीस होते, हे विदर्भातील अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मुकुटाचा आकार हा दुसरा पुरावा. व्हिक्टोरियाच्या काळातील मुकुट १९०१ नंतर मागे पडला व गोलाकार कमानींचा ट्यूडर मुकुट आला. एलिझाबेथ राणीच्या काळात मध्यभागी खोलगट कमानींचा मुकुट रूढ झाला, तो १९५२ नंतर. भारत १९५० मध्येच प्रजासत्ताक झाल्याने मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली होती. म्हणून भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर खोलगट मुकुट दिसल्यास तो बनावट समजावा. मात्र ब्रिटिश बिल्ल्यांच्या बाबतीत गोल मुकुट हा एकटा पुरावा आता पुरत नाही. तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये ट्यूडर मुकुट पुन्हा स्वीकारला आहे.

तथापि खरी परीक्षा मागील बाजूची. पातळ पत्र्यावर ठशाने घडविलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढील आकृतीची उलट, खोलगट प्रतिमा उमटते. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मात्र किंचित लहान भरते, कारण धातू निवताना आकुंचन पावतो; तिच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे व बोथट कडा भिंगाखाली दिसतात. डाख देऊन जोडलेल्या कड्या, उभी पट्टी, क्वचित निर्मात्याचे नाव, हेही पाहावे लागते. जुना ठसा हाती लागल्यास त्यावरून आजही नवा बिल्ला काढता येतो व त्याची आकृती अगदी अस्सल असते. अशा वेळी उठावाच्या भागांवरील झीज आणि डाखाचा ताजेपणा यांवरच निर्णय करावा लागतो. घासूनपुसून लख्ख केलेल्या बिल्ल्यावर नेमक्या याच खुणा नाहीशा झालेल्या असतात.