ख्रिस्ती श्रद्धेचा जाहीर जबाब

ख्रिस्ती श्रद्धेचे तर्काने आणि पुराव्याने समर्थन करण्याच्या शास्त्राला 'अपॉलॉजेटिक्स' म्हणतात. 'अपोलोगिया' या ग्रीक शब्दापासून ते नाव आले. आरोपीने न्यायासनापुढे दिलेला जबाब, असा त्याचा अर्थ. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) हाच शब्द आहे. आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला सदैव तयार असावे, पण ते सौम्यपणे आणि आदराने द्यावे, असा तिथला उपदेश आहे. नास्तिकांशी जाहीर वाद करणाऱ्या ख्रिस्ती वक्त्याची दोन्ही कर्तव्ये त्यात येतात: उत्तर टाळायचे नाही आणि उत्तर देताना समोरच्याचा मान राखायचा.

दुसऱ्या शतकात नास्तिकपणाचा आरोप ख्रिस्ती लोकांवरच होत असे, कारण ते रोमच्या देवतांची पूजा करत नसत. हुतात्मा जस्टिन याने इ.स. १५५च्या सुमारास सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात या आरोपाला उत्तर दिले. त्या देवतांपुरते आपण नास्तिक आहोत, हे त्याने मान्य केले आणि मग खऱ्या देवाविषयी आपण काय मानतो ते मांडले. आरोपात खरे असेल तेवढे आधी कबूल करायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आधी व्याख्या, मग वाद

जाहीर वाद बहुधा फसतो तो दोन्ही बाजू 'देव' हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात म्हणून. १९४८मध्ये बीबीसीवर जेझुइट धर्मगुरू फ्रेडरिक कोपलस्टन आणि तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांच्यात झालेला वाद या बाबतीत आजही आदर्श मानावा असा आहे. कोपलस्टन यांनी सुरुवातीलाच विचारले की देव म्हणजे जगाहून वेगळे, जग निर्माण करणारे, व्यक्तिरूप परमतत्त्व, ही व्याख्या मान्य आहे का? रसेल यांनी ती मान्य केली. देव नाही हे सिद्ध करता येते असे रसेल यांचे म्हणणे आहे का, हा कोपलस्टन यांचा पुढचा प्रश्न होता. रसेल यांनी आपली भूमिका अज्ञेयवादी असल्याचे सांगितले. काही मिनिटांत वादाचे क्षेत्र आखले गेले.

त्यानंतर कोपलस्टन यांनी युक्तिवाद मांडला: जगातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे, तेव्हा या सगळ्याला स्वयंपूर्ण असे अधिष्ठान हवे. सगळ्या विश्वाचे कारण मागण्यात अर्थ नाही, विश्व आहे एवढेच म्हणता येते, असे रसेल यांचे उत्तर होते. एकमत होत नाही असे दिसताच दोघे पुढच्या मुद्द्याकडे वळले. कोणीही आवाज चढवला नाही. मतभेद नेमका कुठे आहे, हे श्रोत्याला कळले, आणि चांगल्या वादाचे पहिले फळ हेच असते.

पूर्वपक्ष मांडण्याचे बळ

भारतीय शास्त्रपरंपरेत खंडनाआधी पूर्वपक्ष मांडावा लागतो आणि सत्यासाठी केलेला 'वाद' हा केवळ जिंकण्यासाठी केलेल्या 'जल्पा'पासून वेगळा धरला जातो. युरोपात थॉमस अ‍ॅक्वायनस याने तेराव्या शतकात अशीच शिस्त पाळली. 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात देव आहे का, या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तो दोन आक्षेप नोंदवतो. देव अनंत चांगला असेल तर जगात दुष्टता का, हा पहिला. निसर्ग आणि मानवी बुद्धी यांनी सगळ्याचा उलगडा होत असेल तर देव हवा कशाला, हा दुसरा. आजच्या नास्तिकांचे मुख्य आक्षेपही हेच आहेत. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल इतक्या नेटकेपणे मांडता येत नसेल, तर ख्रिस्ती वक्त्याने व्यासपीठावर जाण्याची घाई करू नये.

विज्ञानाच्या फटीत देव शोधू नये

विज्ञानाला अमुक गोष्टीचा उलगडा होत नाही, म्हणून ती देवाने केली, हा युक्तिवाद मोहक असला तरी घातक आहे. उद्या उलगडा झाला की देवाची जागा आक्रसते. बेल्जियन धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९३१मध्ये विश्वाचा आरंभ एका 'आद्य अणू'तून झाल्याची कल्पना मांडली. पुढे ती महास्फोट सिद्धान्ताचा पाया ठरली. १९५१मध्ये पोप बारावे पायस यांनी या संशोधनाचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, असे ते मानत. देवाविषयीचा प्रश्न विश्व कसे घडले याच्याही आधीचा आहे: मुळात काही तरी का आहे, आणि ते बुद्धीला कळण्यासारखे का आहे? ख्रिस्ती पक्षाने तिथे उभे राहावे.

दुःखाचा प्रश्न

सर्वांत अवघड आक्षेप दुःखाचा. सर्वशक्तिमान आणि चांगला देव व जगातील दुष्टता या गोष्टी एकत्र मानणे विसंगत आहे, असे तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५मध्ये मांडले. माणसाला खरे इच्छास्वातंत्र्य द्यायचे तर दुष्कृत्याची शक्यता टाळता येत नाही, असे उत्तर अमेरिकन तत्त्वज्ञ अ‍ॅल्विन प्लँटिंगा यांनी दिले. तर्कातील विसंगतीचा आक्षेप त्याने बराच दुबळा होतो. तरीही लहान मुलाचा कर्करोग किंवा भूकंपात गाडले गेलेले गाव यांचे समाधान त्याने होत नाही, आणि तसे झाल्याचा आव वक्त्याने आणू नये.

प्रश्न विचारणारा श्रोता स्वतः शोकात असू शकतो. पवित्र शास्त्रात दुःखाने ग्रासलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले. मग ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि शेवटी देवाने दोष दिला तो या कारणे सांगणाऱ्यांना. ख्रिस्ती श्रद्धेकडे दुःखाचे संपूर्ण स्पष्टीकरण नाही. वधस्तंभावर देवाने ते दुःख स्वतः सोसले, हा तिचा दावा आहे आणि तो तेवढाच, पण ठामपणे सांगावा.

इतिहास आणि मंडळीचे दोष

येशूविषयी बोलताना ऐतिहासिक पुरावा आणि श्रद्धेचा निष्कर्ष वेगळे ठेवावे. रोमन सुभेदार पिलाताच्या काळात येशूला देहदंड झाला, याचा उल्लेख रोमन इतिहासकार टॅसिटसही करतो. पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, म्हणजे घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांत, आढळते. ही साक्ष जुनी आहे, हे दाखवता येते. ती खरी मानायची की नाही, हे चमत्कार शक्य आहेत का या प्रश्नावरही अवलंबून असते, हे लपवू नये.

ऑक्टोबर २००९मध्ये लंडनला, कॅथलिक चर्च जगात भल्याची शक्ती आहे, या ठरावावर वाद झाला. विरोधात नास्तिक लेखक क्रिस्टोफर हिचन्स आणि अभिनेते स्टीफन फ्राय होते. वादाआधी ठरावाच्या बाजूने ६७८ मते होती, ती नंतर २६८वर आली. इन्क्विझिशन असो वा धर्मगुरूंनी केलेले बालकांचे शोषण, खऱ्या आरोपांना सारवासारव हे उत्तर होत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्च २०००मध्ये चर्चच्या लोकांच्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली होती. वक्त्याची सुरुवातही तिथूनच व्हावी.

हार आणि वर्तन

फेब्रुवारी १९४८मध्ये ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबमध्ये तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँस्कम यांनी ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांच्या 'मिरॅकल्स' या पुस्तकातील युक्तिवादातली चूक दाखवली. अँस्कम स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होत्या, पण कच्चा युक्तिवाद श्रद्धेच्या बाजूचा आहे म्हणून त्यांनी तो चालवून घेतला नाही. लुईस यांनी १९६०च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहिले. चूक कबूल करून ती सुधारणाऱ्याचा शब्द पुढच्या वेळी अधिक विश्वासाने ऐकला जातो.

वक्त्याचे जगणेही श्रोत्यांसमोर असते. १८५७मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्याशी झालेल्या वादात ख्रिस्ती बाजूने जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी होते. हा वाद नास्तिकाशी नव्हता, पण बोवेन यांनी स्वतः तारुण्यात ख्रिस्ती धर्म नाकारलेला होता. मुंबईत त्यांनी मिशनचा पगार सोडला, गरिबांच्या वस्तीत साधेपणाने दिवस काढले आणि १८४८ ते १८८८ अशी चाळीस वर्षे ते मायदेशी परतले नाहीत. पेत्राच्या पत्रातही उत्तर देण्याच्या आज्ञेपाठोपाठ विवेक शुद्ध ठेवण्याची आज्ञा येते.

अथेनैमध्ये पौलाने 'अज्ञात देवा'च्या वेदीपासून बोलायला सुरुवात केली आणि ग्रीक कवींचेच दाखले दिले. प्रेषितांच्या कृत्यांत त्याचा परिणामही नोंदवला आहे: काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू म्हटले, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौल मग तिथून निघाला. विश्वास ठेवायला लावणे हे वक्त्याच्या हाती नसते. विचारलेल्या प्रश्नाला खरे, पुरेसे आणि आदराचे उत्तर देणे एवढेच त्याचे काम आहे.