विश्लेषण : बटण दाबले, तरी वार का हुकतो? जुन्या व्हिडीओ गेममधील लढाईचे गणित

टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम आणि त्यात खोचायची कॅसेट ही जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात वाढलेल्या आज तिशी-चाळिशीतल्या अनेकांची सुट्टीतील आठवण. तेच गेम आता मोबाइलवर परतले आहेत आणि जुनी तक्रारही परतली आहे. शत्रू समोर असतो, बटण वेळेवर दाबले जाते, तरी वार लागत नाही. मग दोष खेळणाऱ्याचा की गेमचा?

वार ‘लागतो’ म्हणजे काय होते?

पडद्यावर तलवार आणि शत्रू दिसत असले, तरी यंत्राला चित्र कळत नाही. प्रत्येक पात्राभोवती एक अदृश्य चौकोन मानलेला असतो आणि वारालाही स्वतःचा चौकोन असतो. हे दोन चौकोन एकमेकांवर आले, तर वार लागला असे यंत्र ठरवते. गेमच्या भाषेत याला ‘हिटबॉक्स’ म्हणतात. चित्रातील तलवार लांब आणि चौकोन आखूड असेल, तर डोळ्यांना लागलेला वार यंत्राच्या हिशेबी हुकलेला असतो. उलट, शत्रूचा चौकोन त्याच्या चित्रापेक्षा मोठा असेल, तर तो दूर असतानाही खेळाडूचा जीव जातो. ‘लांबूनच मेलो’ ही तक्रार इथून येते.

वेळेचा घोळ कसा होतो?

प्रत्येक वाराचे तीन भाग असतात : हात उगारणे, प्रत्यक्ष फटका आणि पुन्हा सावरणे. फटका लागू शकतो तो फक्त मधल्या भागात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये हात उगारण्यातच २० चित्रे गेली, तर सेकंदाचा तिसरा हिस्सा संपतो. तेवढ्यात शत्रू जागा बदलतो. सावरण्याचा काळ लांबला, तर खेळाडू उघडा पडतो आणि त्याचे कोणतेच बटण चालत नाही.

भारतात यात आणखी एक भर पडत होती. निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १९८३ मध्ये जपानमध्ये आले. तिथला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असे, तर भारतातील ‘पाल’ पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. गेममधील हालचाल या आकड्याला बांधलेली असे. त्यामुळे ६०साठी बनवलेला गेम ५०वर जसाच्या तसा चालवला, तर तो सुमारे १७ टक्के संथ होई.

यंत्राची मर्यादा की रचनेची चूक?

दोन्ही. फॅमिकॉममध्ये कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट होती आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रे मावत. त्याहून जास्त झाली की पात्रे लुकलुकत. ही झाली मर्यादा. पण काही त्रास ठरवून ठेवलेला होता. १९८८ च्या ‘निन्जा गायडेन’मध्ये फटका बसताच नायक मागे फेकला जातो आणि अनेकदा थेट खड्ड्यात पडतो. शेवटच्या टप्प्यातील प्रमुख शत्रूकडून हरल्यास बरेच मागून सुरुवात करावी लागते. याउलट ‘कॉन्ट्रा’त एका गोळीत जीव जातो, तरीही तो अन्यायकारक वाटत नाही. कारण गोळी दिसते, तिचा मार्ग कळतो आणि उडी लगेच बसते.

अवघड आणि सदोष यांतील फरक ओळखायची कसोटी सोपी आहे. त्याच अंतरावरून, त्याच क्षणी, तेच बटण दाबले, तर दर वेळी तोच परिणाम मिळतो का? मिळत असेल तर गेम अवघड. नसेल तर सदोष.

भारतीय गेमचा अनुभव काय सांगतो?

हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने तयार केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ सोनीने २००९ मध्ये प्लेस्टेशन-२ साठी आणला. पूर्णपणे भारतात घडलेला या यंत्रावरील पहिला गेम म्हणून त्याचे कौतुक झाले. देवतेला बटणांनी नाचवण्यावर अमेरिकेतील एका हिंदू नेत्याने आक्षेपही घेतला. मात्र गेम म्हणून तो समीक्षकांच्या पसंतीस उतरला नाही. प्लेस्टेशन-२ तेव्हा नऊ वर्षे जुने झाले होते आणि त्यावर लढाईचे उत्तमोत्तम गेम खेळलेला ग्राहक तयार होता. ओळखीचा नायक गेम विकत घ्यायला लावतो. पण पुढे हातातील बटणच बोलते.

मोबाइलवर तेच गेम अधिक कठीण का वाटतात?

काचेवर बटणाचा उंचवटा नसतो. अंगठा सरकला तरी कळत नाही आणि पडद्याचा काही भाग बोटांखाली झाकला जातो. ब्लूटूथ हेडफोनमुळे आवाज मागे पडतो, त्यामुळे ठेका चुकतो. वायरचा कंट्रोलर जोडल्यास फरक जाणवतो. एक सोय मात्र नक्की वाढली आहे. जुन्या कॅसेटपैकी बहुतेकांत खेळ जतन करण्याची सोयच नव्हती. भारनियमनात वीज गेली की सगळे पहिल्यापासून. आता हवे तिथे थांबता येते. मात्र जुने गेम फुकट उतरवून घेणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो, हे ध्यानात ठेवायला हवे.

शिवनेरीवर गेम करायचा झाला तर?

गेम बनवण्याची साधने आता मोफत मिळतात. त्यामुळे जुन्नर-आंबेगावातील विद्यार्थ्यालाही हा प्रयोग घरी करता येईल. शिवनेरीचे सात दरवाजे म्हणजे तयार सात टप्पे आणि साखळीची वाट म्हणजे अवघड चढाई. पण गड हुबेहूब रंगवण्याआधी एक काम करावे. रिकाम्या पडद्यावर दोन साधे चौकोन घ्यावेत, एकाने दुसऱ्यावर वार करावा आणि तो मित्राच्या हाती द्यावा. चित्र, संगीत, कथा काहीच नसताना मित्राने पाच मिनिटे बटण सोडले नाही, तर लढाई जमली. पहिल्याच मिनिटाला त्याने ‘लागतच नाही’ म्हटले, तर त्याला खेळ शिकवत बसू नये. चौकोनांची मापे आणि वाराची वेळ दुरुस्त करावी.