पडद्यावरचं मुसलमान घर

हिंदी पडद्यावरचा मुसलमान लांबूनच ओळखू येतो. डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज, तोंडी लखनवी उर्दू. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत मराठीचीच बोली बोलतात, हे त्या पडद्याच्या गावीही नसतं.

हेरगिरीच्या वेबमालिकांत तो अतिरेकी असतो, नाही तर जीव देऊन निष्ठा सिद्ध करणारा अधिकारी. गाडीचे हप्ते फेडणारा, मुलांच्या परीक्षेची काळजी करणारा मधला माणूस क्वचितच दिसतो.

काही चित्रपटांनी मात्र घराचं दार उघडलं. ‘सीक्रेट सुपरस्टार’मधली (२०१७) नज्मा लेकीच्या लॅपटॉपसाठी गळ्यातला हार विकते. अशी आई कुठल्याही गल्लीत भेटेल. बाप मात्र पुन्हा तोच, हात उगारणारा. ‘गली बॉय’मधली (२०१९) सफीना डॉक्टर होऊ पाहते, घरी थापा मारते, कडाकडा भांडते, तिच्या धर्मावर कुणी भाषण झोडत नाही. ‘मुल्क’चा (२०१८) हेतू मोठा, पण कोर्टात तो फार बोलतो. राजन खान यांच्या कथेवरचा मराठी ‘हलाल’ (२०१७) तलाकचा प्रश्न परक्याच्या बोटाने नव्हे, घरातल्या बाईच्या दुःखातून दाखवतो.

शेजारच्या मुसलमान घराचा उंबरा ज्यांनी कधी ओलांडला नाही, त्यांना ते घर पडद्यावरूनच कळतं. ईदेला शिरखुर्म्याचं बोलावणं आलं, तर जरूर जावं. तिथंही टीव्ही चालू असेल आणि रिमोटवरून भांडण.